आईच्या पायावरचे डाग

भाऊबीजेला ओवाळून झालं की आमच्या आजोळी आणखी एक काम उरतं. तबक बाजूला सरकवून नानामामा आईला म्हणतात, "पाय दाखव." आई साडीचा काठ घोट्याच्या वर घेते. नाना चष्मा पुसतात, नडगीवर कुठे लाल-जांभळा ठिपका आहे का ते बघतात आणि दिसलाच तर अंगठ्याने दाबतात. दाबल्यावर लाली पळाली तर साधं पुरळ. नाही पळाली तर रक्त बारीक वाहिनीतून बाहेर झिरपलेलं आहे. एवढं बघून झालं की मगच ते फराळाला बसतात.

घर बडोद्याच्या दांडिया बाजारातलं. नाना इथल्याच मेडिकल कॉलेजात शिकले आणि रावपुऱ्यात त्यांनी चाळीस वर्षं दवाखाना चालवला. त्यांची मुलगी, आमची ताई, सयाजीराव विद्यापीठात बायोकेमिस्ट्री शिकली आणि आता प्रतिकारशक्तीच्या पेशींवर संशोधन करते. आजार एकच, पण बापलेक त्याच्याकडे दोन टोकांनी बघतात. यंदा त्या दोघांचा वाद दुपारी सुरू झाला आणि दिवेलागणीपर्यंत चालला. त्यातलं जे मला कळलं आणि लिहून ठेवावंसं वाटलं, ते इथे देते आहे.

आधी थोडं मागचं सांगायला हवं. १९८६ साली पहिल्या बाळंतपणासाठी आई माहेरी आली. मी जन्मले आणि तिचा रक्तस्राव थांबेना. नाना तेव्हा नुकते एम.डी. झाले होते. त्यांनी धावपळ करून दोन बाटल्या रक्त मिळवलं. एक स्वतःच्या रक्ताची, दुसरी स्टेशनजवळ रक्त विकणाऱ्या एका माणसाची. तेव्हा रक्त विकणं सर्रास चालायचं. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या आदेशानंतर १ जानेवारी १९९८ पासून ते बंद झालं. आई वाचली. मला दूध पाजून, दोन महिन्यांनी बाळंतविडा घेऊन सासरी गेली.

२००९ च्या सुमाराला तिच्या पायांवर डाग उठायला लागले. उभं राहून स्वयंपाक केला, लांबचा प्रवास झाला की संध्याकाळी नडग्या ठिपक्यांनी भरायच्या. सांधे दुखायचे, तळव्यांना मुंग्या यायच्या. कुणी उष्णता म्हटलं, कुणी ॲलर्जी. गुलकंद झाला, मलमं झाली. २०१५ मध्ये लघवीत प्रथिनं सापडली आणि एका तरुण डॉक्टरने हिपॅटायटिस सी ची तपासणी लिहून दिली. ती पॉझिटिव्ह आली. नानांनी त्याच आठवड्यात स्वतःची तपासणी करून घेतली. ती निगेटिव्ह आली. म्हणजे उरली दुसरी बाटली.

२०१६ मध्ये बारा आठवडे सोफोस्बुव्हिर आणि डॅक्लाटास्व्हिर या गोळ्या झाल्या. गोळ्या थांबवून बारा आठवड्यांनी केलेल्या तपासणीत विषाणू सापडला नाही. त्यानंतरही कधी सापडला नाही.

आणि यंदा दिवाळीच्या आधी मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी ती एका डोळ्यांच्या दवाखान्यात गेली तेव्हा कार्डावरची तपासणी पुन्हा पॉझिटिव्ह आली. केसपेपरवर लाल शाईने शेरा पडला आणि "तुमचा नंबर सगळ्यात शेवटी, नाहीतर दुसरीकडे करून घ्या" असं तिला ऐकवलं गेलं. आई तशीच परत आली. नऊ वर्षांत पहिल्यांदा तिने मला विचारलं, "अगं, मी खरंच बरी झालेय ना?"

हा प्रश्न मी नानांसमोर ठेवला आणि वादाला तोंड फुटलं.

नाना : बरी आहे. पूर्ण बरी आहे. यात दुसरं उत्तर नाही.

ताई : विषाणूच्या बाबतीत बरी आहे, बाबा.

नाना : 'च्या बाबतीत' कशाला? पेशंटला तुझा 'पण' तेवढा ऐकू येतो. त्याच्या आधी तू काय बोललीस ते ऐकू येत नाही. हा विषाणू आरएनएचा. साधारण ९,६०० अक्षरांची एक चिठ्ठी, बस. पेशीच्या केंद्रकात तो शिरत नाही, आपल्या डीएनएजवळ जात नाही. हिपॅटायटिस बी चं तसं नाही. तो यकृताच्या पेशीत, केंद्रकाच्या आत आपली प्रत ठेवतो आणि पेशंटला पुढे केमोथेरपी वगैरे दिली तर पुन्हा डोकं वर काढतो. सी ला अशी तिजोरी नाही. सतत नव्या प्रती काढत राहिला तरच तो टिकतो. प्रत काढायचं यंत्र बंद पाडलं की तो संपला.

ताई : यकृतात संपला. पण तो फक्त यकृतात होता, असं कोण म्हणतं?

इथे ताईने जे सांगितलं ते मी याआधी नीट ऐकलंच नव्हतं. हा विषाणू पांढऱ्या पेशींतही सापडतो. त्याच्या बाहेरच्या आवरणातलं एक प्रथिन पेशीवरच्या सीडी८१ नावाच्या रेणूला चिकटतं, हे १९९८ मध्ये समजलं, आणि सीडी८१ आपल्या बी आणि टी पेशींवर भरपूर असतो. पुढे २००४ मध्ये दोन गटांनी लोकांची झोप उडवली. माद्रिदच्या गटाला अशा काही रुग्णांच्या यकृतात विषाणूचा आरएनए सापडला, ज्यांच्या रक्तात नेहमीच्या तपासणीत तो दिसत नव्हता. आणि कॅनडातल्या न्यूफाउंडलंडमध्ये तोमाश मिखालाक यांच्या प्रयोगशाळेने, बऱ्या झालेल्या माणसांच्या पांढऱ्या पेशींत, अतिशय संवेदनशील पद्धत वापरून त्याचा माग दाखवला.

ताई : प्रत काढताना या विषाणूची उलटी प्रत तयार होते. ती उलटी प्रत पेशीत सापडली म्हणजे तो तिथे नुसता चिकटलेला नाही, काम करतोय. काही अभ्यासांत ती पांढऱ्या पेशींत सापडली आहे. शिवाय पेशींतल्या विषाणूची अक्षरं रक्तद्रवातल्या विषाणूपेक्षा थोडी वेगळी निघाली. म्हणजे त्याने तिथे वेगळा संसार मांडला असावा.

नाना : 'असावा'. आणि मायक्रोआरएनए १२२ चं काय? तूच मला समजावलं होतंस ना? २००५ मध्ये दाखवलं गेलं की यकृताच्या पेशींतला तो छोटा रेणू मदतीला नसेल तर या विषाणूला वाढता येत नाही. पांढऱ्या पेशींत तो रेणू जवळजवळ नाहीच. मग तिथे तो संसार कशाच्या जोरावर मांडणार?

ताई : कबूल. म्हणूनच हा वाद अजून मिटलेला नाही. प्रयोगशाळेत सगळीकडे वापरला जातो तो विषाणूचा जपानी वाण पांढऱ्या पेशींत धड वाढत नाही, हेही कबूल. तरी माझा एक प्रश्न राहतोच. सोफोस्बुव्हिर मुद्दाम अशी घडवली आहे, की यकृतातली विकरं तिला सोलून कामाला लावतात. औषध यकृतात दाट असतं. पांढऱ्या पेशींत ते तितकं पोचतं का, हे विचारायला नको?

नाना : विचार ना. उत्तर देतो.

नाना ताठ बसले. मला वाटतं, हा मुद्दा त्यांनी बरेच दिवस मनाशी घोळवून ठेवला होता.

नाना : यकृत रोपण घे. विषाणू अंगात असताना जुनं यकृत काढून नवं बसवलं, तर नव्या यकृतात तो जवळजवळ हटकून शिरतो. जुनं यकृत तर आपण काढून टाकलेलं असतं. म्हणजे तो रक्तात, आणखी कुठेकुठे, शिल्लक होता. इथपर्यंत तुझं बरोबर. आता पुढचं बघ. रोपणाआधी गोळ्या दिल्या आणि रक्त महिनाभर किंवा जास्त स्वच्छ राहिलं, तर नवं यकृत बहुतेकांत स्वच्छच राहतं. लक्षात घे, त्या पेशंटची प्रतिकारशक्ती आपण औषधांनी दाबलेली असते. समोर कोरं करकरीत यकृत असतं. पांढऱ्या पेशींत दबा धरून बसलेल्या विषाणूला याहून चांगली संधी कुठली मिळणार? आणि तरी तो येत नाही. मग तुझ्या त्या अतिसंवेदनशील पद्धतीत जे दिसतं, तो विषाणू आहे की विषाणूचा चुरा?

ताई थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "हा चांगला पुरावा आहे." संशोधकाच्या तोंडून हे वाक्य सहज निघत नाही, म्हणून मुद्दाम नोंदवते.

मला स्वतःला इथे नानांचं पटलं. बारा आठवड्यांनी स्वच्छ निघालेला माणूस पुढे वर्षानुवर्षं स्वच्छच राहतो. शंभरांतल्या नव्व्याण्णवांहून जास्त. ज्यांच्यात विषाणू पुन्हा दिसतो त्यांतल्या बऱ्याच जणांना तो नव्याने लागलेला असतो, डायलिसिसच्या खुर्चीत किंवा कुणाची तरी वापरलेली सुई टोचून. पांढऱ्या पेशींत काही सापडतं म्हणून बऱ्या माणसाला 'बरा नाहीस' म्हणायचं, याला आधार नाही.

पण ताईचं म्हणणं तिथे संपत नव्हतं.

ताई : बाबा, विषाणू पेशीच्या आत वाढतो की बाहेरून छळतो, हा वाद बाजूला ठेवू. आत्याच्या पायावर डाग कशाने आले? यकृताने?

नाना : नाही. क्रायोग्लोब्युलिनने.

ताई : म्हणजे कुणामुळे?

नाना : बी पेशींमुळे.

ताई : तेच म्हणतेय मी.

क्रायोग्लोब्युलिन म्हणजे थंडीत गोठणारी प्रथिनं. रक्ताची नळी काढून गार ठेवली तर तळाशी पांढरा गाळ बसतो, आणि पुन्हा उबेला आणली की तो विरघळतो. बी पेशींचं काम प्रतिपिंडं तयार करणं. वर्षानुवर्षं हाच विषाणू समोर राहिला तर त्यांतला एखादा गट ताळतंत्र सोडून वाढतो आणि दुसऱ्या प्रतिपिंडांनाच चिकटणारी प्रतिपिंडं ओतत राहतो. त्यांचे पुंजके बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. पायांवर ठिपके, सांध्यांत ठणका, तळव्यांना मुंग्या, मूत्रपिंडातून प्रथिनं. आईची एकेक तक्रार या यादीत होती. सहा वर्षं आम्ही तिला गुलकंद देत होतो.

ताई : आणि गट आणखी वाढला तर लिम्फोमा. २००२ मध्ये फ्रान्सच्या गटाने नऊ रुग्ण मांडले होते. प्लीहेचा लिम्फोमा आणि सोबत हिपॅटायटिस सी. त्यांना कॅन्सरचं औषध दिलं नाही, विषाणूसाठी इंटरफेरॉन दिलं. सात जणांचा विषाणू गेला आणि लिम्फोमाही मावळला. उरलेल्या दोघांना रायबाव्हायरिन जोडल्यावर तेही सुधारले. एकाचा विषाणू परत आला, तर त्याचा लिम्फोमाही परत आला. आणि ज्यांना लिम्फोमा होता पण विषाणू नव्हता, अशा सहा जणांना इंटरफेरॉनचा काहीच उपयोग झाला नाही. मला सांगा, पांढऱ्या पेशींशी या विषाणूचं नातं याहून स्पष्ट कसं दाखवायचं?

नाना : मला ते नातं कधी नाकारायचं नव्हतं.

ताई : पण फाईल बंद करायची आहे. विषाणू गेल्यावर त्या पेशी लगेच शहाण्या होत नाहीत. डाग बहुतेकांचे जातात. तरी बऱ्याच जणांच्या रक्तात तो गार पडणारा गाळ थोडाफार मिळत राहतो. टी पेशींचंही तसंच. इतकी वर्षं लढून त्या थकतात, आणि विषाणू गेल्यावरही तो थकवा त्यांच्या जनुकांभोवतीच्या खुणांत राहतो. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत हे दिसलं. म्हणून म्हणते, 'च्या बाबतीत'.

यावर नाना जे बोलले, त्यात मला त्यांचा चाळीस वर्षांचा दवाखाना दिसला.

नाना : तुम्ही लोकांनी इंटरफेरॉनचे दिवस पाहिले नाहीत. आठवड्याला एक टोचणी. आपल्याकडे बहुतेकांना विषाणूचा जीनोटाइप ३, म्हणजे तिसरा प्रकार. म्हणजे सहा महिने. दुसरा जीनोटाइप असेल तर वर्षभर. ते औषध विषाणूला मारत नाही, पेशंटच्याच पेशींना चाबूक मारून लढायला लावतं. ताप, केस गळणं, उदासी. एक चांगला शिक्षक माझ्यासमोर बसून रडायचा आणि का रडतोय ते त्याला सांगता यायचं नाही. आणि पांढऱ्या पेशी? त्या तर त्याच औषधाने घसरायच्या. दर पंधरा दिवसांनी आकडा बघायचा आणि ठरवायचं, पुढची टोचणी देऊ की थांबू. खर्च लाखांत. २०११ मध्ये अहमदाबादच्या झायडसने देशी पेग-इंटरफेरॉन काढलं, तेव्हा थोडा श्वास घेता आला. एवढं सगळं करून दहातले तीन जण परत यायचे. त्यांना काय सांगायचं? म्हणून २०१५ मध्ये जेव्हा गोळी हातात आली, अमेरिकेत एका गोळीला हजार डॉलर आणि आपल्याकडे नॅटकोची अठ्ठावीस गोळ्यांची बाटली १९,९०० रुपयांना, तेव्हा मी ठरवलं. या वेळी 'बरा झालास' असं तोंड भरून म्हणायचं. 'बहुधा' नाही, 'बघू' नाही.

नाना थांबले आणि आईकडे न बघता पुढे म्हणाले, "आणि तिला तर मला म्हणायचंच होतं."

आईने ते ऐकलं. ती म्हणाली, "नाना, त्या रात्री तू बाटली आणली नसतीस तर ही भाऊबीज नव्हती."

ही गोष्ट मी कित्येक वेळा ऐकली आहे, पण यंदा मला पहिल्यांदा त्यातल्या तारखा टोचल्या. सत्तरच्या दशकात अमेरिकेत हार्वे ऑल्टर यांनी दाखवून दिलं, की रक्त घेतल्यावर होणारी एक कावीळ ए चीही नाही आणि बी चीही नाही. मायकेल हॉटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तो विषाणू सापडला १९८९ मध्ये. चार्ल्स राइस यांनी एकटा तोच आजारास पुरेसा आहे, हे १९९७ मध्ये सिद्ध केलं. या तिघांना २०२० चं नोबेल मिळालं. नाना स्टेशनकडे धावले ते १९८६ मध्ये. जगातल्या कुठल्याही रक्तपेढीला ती बाटली पारखता आली नसती. हे नानांना माझ्याहून चांगलं माहीत आहे. तरी ते दर भाऊबीजेला पाय बघतात.

मी मधे पडले. म्हटलं, तुम्ही दोघं भांडताय खरे, पण आईला दवाखान्यातून परत का पाठवलं, ते कुणीच सांगत नाही.

इथे मात्र दोघं एकदम बोलायला लागले. कार्डावरची तपासणी विषाणू शोधतच नाही. ती शोधते प्रतिपिंडं, म्हणजे बी पेशींनी विषाणूविरुद्ध तयार केलेली शस्त्रं. विषाणू गेला तरी ती शस्त्रं बनवायची आठवण पेशींत राहते. बऱ्या झालेल्या माणसाचं कार्ड बहुधा जन्मभर पॉझिटिव्हच येणार. विषाणू आहे की नाही ते फक्त आरएनएची तपासणी सांगते. आईचा तो लाल शेरा म्हणजे तिच्या पांढऱ्या पेशींची आठवण होती आणि त्या दवाखान्याने ती संसर्ग म्हणून वाचली. शिवाय हातमोजे, निर्जंतुक हत्यारं ही काळजी प्रत्येक पेशंटसाठी तितकीच घ्यायची असते. कुणाचा नंबर शेवटी लावून ती वाढत नाही.

नाना : बघ, हेच मी म्हणतो. 'पूर्ण बरा' असं ठणकावून सांगितलं नाही की असे शेरे पडतात.

ताई : आणि पांढऱ्या पेशींबद्दल नीट सांगितलं नाही, तरी असेच शेरे पडतात.

मला दोघांत एक जागा दिसली, ती मी तिथेच बोलून दाखवली. पांढऱ्या पेशींची ही सगळी कहाणी बऱ्या झालेल्या माणसावर शंका घ्यायला वापरणं चूक आहे. तिचा खरा रोख उपचार न झालेल्या माणसाकडे आहे. जितकी वर्षं विषाणू अंगात राहतो, तितक्या बी पेशी बिघडतात, टी पेशी थकतात. यकृताची सोनोग्राफी चांगली आहे, एन्झाइम फारसे वाढलेले नाहीत, म्हणून थांबू, हा हिशेब त्यामुळे खोटा ठरतो. यकृत गप्प असताना नडग्या बोलत असतात. आईला २००९ मध्ये गोळी मिळणं शक्य नव्हतं. पण आज डाग घेऊन जी बाई दवाखान्यात बसली आहे, तिला गुलकंद द्यायचं कारण नाही.

नानांनी मान डोलावली. २८ जुलै २०१८ पासून हिपॅटायटिसच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तपासण्या आणि गोळ्या फुकट आहेत, सरकारी इस्पितळांतल्या केंद्रांतून मिळतात, सिरॉसिस झालेल्यांना सोफोस्बुव्हिरबरोबर वेल्पाटास्व्हिर मिळते, हे ते भराभर बोलून गेले. मग हळू आवाजात म्हणाले, जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०२२ मध्ये भारतात ५५ लाख लोकांच्या अंगात हा विषाणू होता. त्यांतल्या बहुतेकांना ते ठाऊक नाही. २००९ मध्ये आपल्याच गुजरातेत, मोडाशाला, पुन्हा पुन्हा वापरलेल्या सुयांनी हिपॅटायटिस बी ने माणसं दगावली, तेव्हा सगळं राज्य हादरलं, कारण ते आठवड्यांत घडलं. सी वीस-पंचवीस वर्षं घेतो, म्हणून कुणी हादरत नाही.

"आणि तो स्टेशनजवळचा माणूस," ते म्हणाले. "त्याला कुणी सांगितलं असेल?"

मग ताईने कागद पुढे केला. नानांनी आपल्या जुन्या लेटरहेडवर आईसाठी पत्र लिहायला घेतलं: प्रतिपिंडं कायम पॉझिटिव्ह राहतील, आरएनए आढळला नाही, ही तारीख, ही तारीख आणि ही, संसर्गाचा धोका नाही, शस्त्रक्रियेला कोणतीही हरकत नाही. ताई म्हणाली, खाली अजून लिहा. वर्षातून एकदा लघवीतली प्रथिनं, पायांवरचे डाग, तळव्यांची संवेदना, आणि बोटांनी चाचपून गाठी आणि प्लीहा. नाना म्हणाले, डोळ्यांच्या डॉक्टरला प्लीहा कशाला? शेवटी दोन कागद झाले. एक दवाखान्याला दाखवायचा, एक आईने जपायचा. दोन्हींवर नानांनी सही केली. दुसऱ्यावर थोडं थांबून.

ताईने आणखी एक कोरा कागद घेतला. म्हणाली, "बाबा, रक्तपेढ्यांत सी ची तपासणी सुरू व्हायच्या आधी तुम्ही कुणाकुणाला रक्त चढवायला लावलं होतं, आठवतं?" नाना उठले, फडताळातून जुन्या रोजवह्या काढल्या, धूळ झटकली. १९८३ पासूनच्या. ते पानं उलटत नावं वाचू लागले, ताई लिहू लागली. बाळंतपणं, अपघात, एक अल्सर फुटलेला गिरणी कामगार, थॅलेसेमियाची दोन भावंडं. काही नावांपुढे नाना नुसतं "गेला" म्हणत आणि पुढे जात.

आई फराळाची ताटं घेऊन आली. ताटं तशीच खाली ठेवून तीही वह्यांजवळ बसली. १९८६ मध्ये शेजारच्या खाटेवर जी बाई होती, तिलाही त्या रात्री रक्त चढवलं होतं, आणि तिचं नाव आईला अजून पाठ होतं.